मुंबईचे वाळवंट का झाले नाही?



गेल्या रविवारी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गात जगाचा नकाशा भिंतीवर लावला होता. चौथीतल्या एका मुलीने मुंबईवर बोट ठेवले आणि ते सरळ पश्चिमेकडे नेले. अरबी समुद्र ओलांडला, तर अरबस्तानचे वाळवंट. पुढे तांबडा समुद्र ओलांडला, तर आफ्रिकेतले सहारा. ती म्हणाली, "काका, एकाच रेघेत सगळीकडे वाळवंट आहे. मग आपली मुंबईच कशी हिरवी?"

वाळवंटांची नावे आपण घडाघडा पाठ म्हणतो. पण असा प्रश्न फार थोड्यांना पडतो. आज त्याचेच उत्तर शोधू या.

आधी वाळवंट कशाला म्हणायचे ते ठरवू. वाळू दिसली की वाळवंट, असे नाही. जिथे वर्षभरात २५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण वीतभरापेक्षा कमी पाऊस पडतो, ते वाळवंट. सहाराचा जेमतेम चौथा भाग वाळूचा आहे. बाकी सारे खडक, दगडगोटे आणि डोंगर. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३३ लाख चौरस किलोमीटर, तर सहाराचे सुमारे ९२ लाख. आपल्याएवढे पावणेतीन देश त्यात मावतील!

आता नकाशात कर्कवृत्त आणि मकरवृत्त शोधा. या दोन रेघांच्या आसपासच उष्ण वाळवंटे पसरलेली दिसतील. उत्तरेला सहारा, अरबस्तान, आपले थर आणि अमेरिकेतले सोनोरा. दक्षिणेला आफ्रिकेतले कलहारी व नामिब आणि ऑस्ट्रेलियातली वाळवंटे. हा कोणाचा शाप नाही की कोणाच्या नशिबाचा खेळ नाही. त्याला कारण आहे, आणि ते आपल्याला समजू शकते.

विषुववृत्तावर ऊन फार. तिथली ओली हवा तापून वर जाते, जशी चुलीवरच्या पातेल्यातून वाफ वर जाते तशी. उंचावर ती थंड होते आणि सगळे पाणी तिथेच पाडून टाकते. म्हणून तिथे घनदाट जंगले आहेत. कोरडी झालेली हवा मग उंचावरूनच उत्तरेकडे व दक्षिणेकडे जाते आणि तिसाव्या अक्षांशाच्या आसपास खाली उतरते. खाली उतरताना ती दाबली जाते आणि तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंप कसा गरम होतो, तसेच. अशा गरम, कोरड्या हवेत ढग जमतच नाहीत.

रात्री आपण गोधडी घेतो ती अंगातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. ढग ही जमिनीची गोधडी. वाळवंटाला ती नाही. त्यामुळे दिवसा ऊन भाजून काढते आणि रात्री सगळी ऊब आकाशात निघून जाते. म्हणून दुपारी अंगाची लाही होते, तर पहाटे हुडहुडी भरते.

नामिबची गंमत आणखी वेगळी. ते अगदी समुद्रकाठी आहे, तरी कोरडे! तिथल्या समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यावरची हवा थंडच राहते, वर चढत नाही. म्हणून धुके येते, पण पाऊस येत नाही. तिथला एक छोटा काळा भुंगा पहाटे वाऱ्याकडे पाठ उंच करून, डोके खाली घालून उभा राहतो. धुक्याचे थेंब पाठीवर जमतात आणि ओघळत त्याच्या तोंडात येतात.

जगातले सर्वांत जास्त तापमान किती? तुमच्या आईवडिलांना विचारा. त्यांच्या पुस्तकात 'लिबियातील अल-अझिझिया, ५८ अंश' असे होते. ती नोंद १९२२ सालची. पुढे शास्त्रज्ञांनी जुनी नोंदवही पुन्हा तपासली. लिहिणारा माणूस नवखा होता आणि आकडे भलत्याच रकान्यात भरलेले होते. २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने ती नोंद रद्द केली. आता १९१३ सालची अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीची ५६.७ अंशांची नोंद उच्चांक मानली जाते. कचेरीत रजिस्टर भरणाऱ्या कोणालाही विचारा, एक रकाना चुकला की काय होते ते! छापले आहे म्हणून खरे मानू नये, तपासून पाहावे, हे यातून शिकायचे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे वाळवंटांच्याच रेघेवर आहे. आपल्याला वाचवतात ते नैऋत्य मोसमी वारे. आणि हे वारे आपल्याकडे ओढून आणायला मदत कोण करते? थरचे वाळवंट! राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले. मे महिन्यात ती सगळी जमीन अशी तापते. तिथली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरचे ओले वारे धावत येतात. वाटेत सह्याद्री त्यांना अडवतो आणि मुंबईत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. थरला मात्र थोडेच पाणी मिळते. अरवलीचे डोंगर त्या वाऱ्यांना समांतर आहेत, आडवे नाहीत. म्हणून वारे न अडता पुढे निघून जातात. बंगालच्या उपसागराकडून येणारे वारे तिथे पोहोचेपर्यंत जवळजवळ रिकामे झालेले असतात.

तरीही थरमध्ये माणसे राहतात, शेती करतात, गुरे पाळतात. अंगणात जमिनीखाली 'टांके' बांधून पावसाचा थेंब न् थेंब साठवतात. तेच पाणी महिनोन् महिने पुरवतात.

तेव्हा मुलांनो, आपण वाळवंटाच्या रेघेवर राहतो आणि वर्षातल्या चार महिन्यांच्या पावसावर जगतो. नळाखाली रांगेत उभी राहणारी तुमची आई पाण्याची किंमत जाणते. तुम्हीही जाणा.

पुढच्या अंकापर्यंत एक काम करा. नकाशात नागपूरवर बोट ठेवा आणि ते सरळ पश्चिमेला न्या. वाटेत कोणकोणते देश लागतात, ते वहीत लिहून ठेवा. रकाना मात्र चुकवू नका!