मडके वाजवून घेतो, मग एम.आर.आय. यंत्र का नाही?

बाजारात मडके घ्यायचे झाले तरी आपली माणसे ते वाजवून पाहतात. पेरणीपूर्वी शहाणा शेतकरी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजतो, मगच पोत्याला हात घालतो. मात्र रुग्णालयात काही कोटींचे एम.आर.आय. यंत्र आले की फीत कापली जाते, फादर आशीर्वाद देतात आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्ण आत जाऊ लागतात. आशीर्वाद हवाच, पण तो तपासणीच्या बदली नव्हे.

हे यंत्र चुंबकावर चालते. नेहमीच्या दीड टेस्लाच्या यंत्राची शक्ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असते. वीज गेली तरी हे चुंबक बंद होत नाही. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये ते रात्रंदिवस जागे असते. संकटकाळी ते उतरविण्यासाठी वेगळी कळ असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील एका संस्थेत ऑक्सिजनचा सिलिंडर यंत्राकडे खेचला गेला व दोन कर्मचारी सुमारे चार तास अडकून पडले, कारण ती कळच चालली नाही. पुढे २०१५ साली, ही कळ चुंबकाला जोडलेली आहे की नाही हे पाहण्यासाठी निर्मात्या कंपनीला जगभरातील हजारो यंत्रे तपासावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण असाच सिलिंडर घेऊन आत गेला आणि प्राणास मुकला.

क्ष-किरण व सी.टी. यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते. एम.आर.आय.मध्ये तसे किरण नसल्याने ते त्या कक्षेत येत नाही. म्हणूनच जबाबदारी रुग्णालयाच्या चालकांवर अधिक येते.

तपासायचे काय? पहिले, चित्र. ठाऊक मापांचा, द्रव भरलेला ‘फँटम’ नावाचा डबा रुग्णाच्या जागी ठेवतात. चित्रात लांबी-रुंदी तीच येते का, पाच मिलिमीटरचा छेद तेवढाच निघतो का, उजेड सर्वत्र सारखा आहे का, फिकट ठिपके दिसतात का, हे पाहतात. फिकट ठिपका न दाखवणारे यंत्र उद्या मेंदूतील लहान गाठही दाखवणार नाही. दुसरे, संकटकाळची कळ. हेलियम न उडविताही तिची जोडणी तपासता येते. तिसरे, हेलियम बाहेर नेणारी नळी. द्रव हेलियमचा वायू झाला की तो सुमारे ७०० पट फुगतो. नळी तुंबलेली असेल तर तो खोलीत शिरून प्राणवायू हटवतो. म्हणून खोलीत प्राणवायू मोजणारे, धोक्याची घंटा देणारे उपकरण हवे व तेही चालू हवे. चौथे, चुंबकाची हद्द दाखवणारी खूण आणि दारावरची पाटी.

काही जण म्हणतील, कंपनीचा माणूस तपासून जातोच की! परंतु उसाचे वजन कारखान्याच्याच काट्यावर झाले म्हणजे शेतकऱ्याचे समाधान होते काय? विकणाऱ्याने तपासावे, तसेच घेणाऱ्यानेही आपल्या बाजूच्या वैद्यकीय भौतिकतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. दोन दिवस उशीर होईल, थोडा खर्च येईल; चुकीच्या निदानापुढे तो काहीच नाही.

आपल्या समाजाच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या रुग्णालयांच्या विश्वस्तांना आमची विनंती अशी : स्वतंत्र तपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका आणि रुग्णही आत घेऊ नका. तो अहवाल जपून ठेवा. दरवर्षीच्या तपासणीत त्याच्याशीच ताळा करायचा आहे.

वाचकहो, तुमच्याकडेही एक काम आहे. शरीरात पेसमेकर वा क्लिप असेल, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल, तर आधी सांगा. किल्ल्या, नाणी, गळ्यातील क्रूस व साखळी बाहेर काढून ठेवा. त्यात श्रद्धेची हानी नाही. आणि यंत्राची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारण्यास संकोच करू नका.