सात डिसेंबर आणि आठ डिसेंबर

दरवर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळला जातो. १९४९ पासून ही प्रथा अव्याहत चालू आहे. त्या दिवशी छातीवर चिमुकला ध्वज लावावा, निधीत यथाशक्ति भर घालावी आणि कृतकृत्य व्हावे, एवढ्यावर शहरातील सुशिक्षितांची कृतज्ञता बहुधा संपते. हा निधी माजी सैनिक, हुतात्म्यांचे कुटुंबीय व अपंग जवान यांच्या कल्याणासाठी असतो. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. प्रश्न आहे तो ८ डिसेंबरचा.

सैन्यास तरुण माणसे हवी असतात. त्यामुळे सामान्य जवान चाळिशीच्या आगेमागेच निवृत्त होतो. ज्या वयात कचेरीतील कारकुनास बढतीचे वेध लागतात, त्या वयात याला दुसरी नोकरी शोधावी लागते. २०२२ च्या अग्निपथ योजनेत तर बहुसंख्य अग्निवीरांनी चार वर्षांच्या सेवेनंतर, म्हणजे ऐन तारुण्यातच, नागरी जीवनात परतावे अशी मूळ कल्पना आहे.

या निवृत्तांपैकी कित्येक जण आज आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावर वा बँकांच्या दारात पहारा करीत उभे असतात. प्रजासत्ताकदिनी सैनिकांचा जयजयकार करणारे आपण त्यांना एकेरीत हाक मारतो, बसावयास साधी खुर्ची देत नाही आणि पगाराची वेळ आली की घासाघीस करतो. ही विसंगती कोणासच कशी खटकत नाही?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. अशा गावांनी मुलगे दिले. शहरांनी निदान सौजन्य तरी द्यावे. नोकरी देताना माजी सैनिकाची शिस्त व तांत्रिक अनुभव ही पात्रता मानावी. बदलीमुळे वर्षाच्या मध्यास आलेल्या जवानाच्या मुलास शाळेने परत पाठवू नये. निवृत्तिवेतनासाठी आलेल्या विधवेस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे धाडू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावयाचा अर्ज तिला नीट लिहून देणे हे कोणाही सुशिक्षित शेजाऱ्यास जमण्यासारखे काम आहे. मुलगा सीमेवर असेल, त्याच्या वृद्ध मातापित्यांची विचारपूस करण्यास तर सरकारी आदेशाची गरज नाही.

यांपैकी कशासही मोठा खर्च नाही, समारंभ नाही. म्हणूनच कदाचित ते आपल्या हातून राहून जाते. फाटकावरील माणसास ‘अहो’ म्हणून हाक मारणे ही अगदी लहान गोष्ट. पण ती रोज करावी लागते. आरंभ तेथून व्हावा, अशी नगरवासियांस आमची विनंती आहे.