'लाइक' केले म्हणून अटक

आमच्या गोंदियातले तरुण मला विचारतात, "सर, फेसबुकवर लिहावे का? घरचे घाबरतात." मी त्यांना पालघरची हकीकत सांगतो.

18 नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्यसंस्काराचा दिवस, मुंबई बंद. पालघरच्या 21 वर्षांच्या मुस्लिम तरुणीने हा बंद कशासाठी, असे फेसबुकवर लिहिले. मैत्रिणीने ते फक्त 'लाइक' केले. ही मैत्रीण मुस्लिम नव्हती, हेही मी आवर्जून सांगतो. जमावाने काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली आणि अटक झाली या दोघींना! ओळखीच्यांसाठी लिहिलेले चार शब्द त्या अटकेमुळेच साऱ्या देशाने वाचले.

पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला बंद झाला. दिल्लीच्या श्रेया सिंघल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 24 मार्च 2015 रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ रद्द झाले.

आपल्याच अर्जुनी-मोरगावात सदस्याच्या मजकुरापायी व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनवर गुन्हा दाखल झाला होता. 2021 मध्ये नागपूर खंडपीठाने तो रद्द केला.

तेव्हा लिहा. शिवीगाळ नको, खातरजमा न केलेले तर नकोच. त्याच 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला कळले, की रद्द झालेले 66-अ पोलीस अजून लावतात. कोणी ते तुमच्यावर लावले, तर एफआयआरची प्रत मागा आणि आधी वकिलाला फोन करा.