चेक करायचे पैसे कसले?

गाडीतला एखादा स्पीकर मुका झाला की आपल्याकडे निदानाची एक ठरलेली पद्धत आहे. नवीन स्पीकर लावून बघायचा. वाजला तर प्रश्न मिटला. नाही वाजला तर स्टीरिओ बदलायचा. तरीही खरखर आलीच, तर "गाडीचं वायरिंगच गेलंय साहेब" म्हणून सगळ्या गाडीत नवी वायर ओढायची. तोवर खिशातून काही हजार गेलेले असतात आणि मूळ बिघाड काय होता हे शेवटपर्यंत कुणालाच कळलेलं नसतं.

मंडळी, यात सगळा दोष मेकॅनिकचा असतो असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. आपण गिर्‍हाईकं पार्टचे पैसे मुकाट देतो, पण बिघाड शोधण्याचे पैसे द्यायचे म्हटलं की जिवावर येतं. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम कुणी कशाला करेल? मग तो बिचारा ज्याचे पैसे मिळतात तेच करतो. पार्ट बदलतो.

आता हे शोधण्याचं काम म्हणजे नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. घाबरू नका, बारावीच्या फिजिक्सच्या पुढे जाणार नाही.

स्पीकरचं सर्किट म्हणजे स्टीरिओच्या मागून निघणार्‍या दोन वायरी. त्या डॅशबोर्डच्या आतून दारापर्यंत जातात, स्पीकरच्या कॉइलला जोडल्या जातात, बस्स. चार स्पीकर, आठ वायरी. बाजारातून घेतलेल्या स्टीरिओत रंगही बहुधा ठरलेले असतात: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा करडा, मागचा डावा हिरवा, मागचा उजवा जांभळा, आणि प्रत्येक जोडीतल्या निगेटिव्ह वायरीवर काळी रेघ. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे. म्हणजे बिघडायला जागा चारच: स्टीरिओमधला ॲम्प्लिफायर, कनेक्टर, वायर आणि स्वतः स्पीकर.

पहिल्या पायरीला हत्यार लागत नाही. स्टीरिओतलं बॅलन्स आणि फेडर फिरवून आवाज एकेका कोपर्‍यात न्यायचा आणि नेमका कोणता कोपरा रुसलाय ते ठरवायचं. चारही एकदम गप्प असतील तर स्पीकरकडे बघायचंच नाही. चार स्पीकर एकाच दिवशी मरत नसतात. तिथे फ्यूज बघायचा, अर्थिंग बघायचं, आणि एखादी वायर कुठे घासून बॉडीला चिकटलीय का ते बघायचं. कारण शॉर्ट एका दारात असला तरी ॲम्प्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी चारही दुकानं बंद करू शकतो.

दुसरी पायरी अदलाबदलीची. स्टीरिओच्या मागे डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या जोड्या आपसात बदलायच्या. बिघाड दुसर्‍या बाजूला गेला तर तो स्टीरिओत आहे. जिथल्या तिथे राहिला तर वायरीत किंवा स्पीकरमध्ये. एकाच अदलाबदलीत अर्ध्या शक्यता बाद! कोडमधला बग शोधताना आपण अर्धा भाग बाजूला काढून बघतो, अगदी तेच.

तिसर्‍या पायरीला मल्टिमीटर लागतो, जो काही शे रुपयांत मिळतो. स्टीरिओचा कनेक्टर काढायचा, मीटर ओहमवर लावायचा आणि स्पीकरकडे जाणार्‍या जोडीचा रेझिस्टन्स बघायचा. गाडीतला साधा स्पीकर ४ ओहमचा म्हणून विकला जातो, पण मीटरवर तो साधारण ३ ते ४ च्या मधे दिसतो, कारण मीटर फक्त कॉइलच्या तारेचा डीसी रेझिस्टन्स मोजतो. हा आकडा आला तर वायर आणि कॉइल दोन्ही शाबूत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर कुठेतरी तार तुटलीय. शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट. मग प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात मोजायचं. तिथे काहीच दिसता कामा नये. दिसलं तर इन्शुलेशन घासलं गेलंय.

एक छोटी खबरदारी. दाराच्या वरच्या कोपर्‍यातल्या छोट्या ट्विटरला मागे एक कपॅसिटर जोडलेला असतो. कपॅसिटर डीसी अडवतो, त्यामुळे धडधाकट ट्विटरही मीटरवर तुटलेला दिसतो. तेवढ्यावरून तो फेकून देऊ नका.

आणि एक गोष्ट मोठी. जुन्या काळच्या बर्‍याच कार रेडिओंमध्ये स्पीकरची एक वायर सरळ बॉडीला जोडलेली चालायची. आताच्या स्टीरिओत तसं केलं तर वाट लागते. यात वापरल्या जाणार्‍या टीडीए ७३८८ सारख्या आयसीमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायर चालवतो. स्टीरिओ चालू असताना दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण निम्मं, म्हणजे ६ ते ७ व्होल्ट असतं, आणि दोन्हींवर सारखंच असल्यामुळे त्या दोघींमध्ये जवळपास शून्य. स्पीकरला फक्त फरक ऐकू येतो. म्हणून त्या दोन वायरींमध्ये गाणं बंद असतानाही दोन-तीन व्होल्ट डीसी दिसले, तर आयसी गेलीय असं समजावं. अशा स्टीरिओला नवा स्पीकर जोडलात तर तो आणखी एक बळी. "नवीन लावला, तोही आठ दिवसांत जळाला, हल्ली मालच डुप्लिकेट येतो" या कहाण्यांपैकी काहींचं मूळ इथे असतं.

तर एवढंच शास्त्र आहे. वीस मिनिटं, अर्धा तास. अवघड काही नाही, पण यात एक सवय लागते: हात घालण्याआधी मोजायची.

आमचं जुनं घर गुलमंडीत. काकांचं कापडाचं दुकानही तिथलंच. शहराचं नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं, पण गुलमंडी गुलमंडीच राहिली. तिथे स्वतःची गाडी लावायला जागा मिळणं हा भाग्याचा विषय असल्यामुळे काकांची आठ-नऊ वर्षं जुनी हॅचबॅक पैठण गेटच्या बाजूला उभी असते. गेल्या पावसाळ्यात तिचा ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा स्पीकर अधूनमधून गप्प व्हायला लागला. एका दुकानाने स्पीकर बदलला. दोन दिवस वाजला, पुन्हा बंद. पुन्हा बदलला. मग सांगितलं, स्टीरिओ टाकून द्या, टचस्क्रीनवाला घ्या. वर दोनदा दाराचं पॅनेल उघडताना आतलं प्लास्टिकचं शीट फाटलं, जे पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून लावलेलं असतं. म्हणजे एक बिघाड तसाच आणि दुसर्‍याची पेरणी फुकट.

मी वीकांताला घरी गेलो तेव्हा काकांनी एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन चाचांना बोलावलं होतं. चाचांनी दार उघडायच्या आधी काकांना एकच प्रश्न विचारला, "दरवाजा खोलने पे बंद होता के चलते चलते?" मग स्टीरिओ बाहेर काढला, मीटर लावला आणि काकांना सांगितलं, दार हळूहळू उघडा, हळूहळू लावा. मीटरवरचा आकडा ३.५ च्या आसपास होता. दार अर्धं उघडलं की गायब. लावलं की परत. दाराच्या बिजागरीपाशी वायरींवर रबराची एक घडीदार नळी असते. चाचांनी ती सरकवली. वरून वायर ठणठणीत, आतलं तांबं तुटलेलं. ड्रायव्हरचं दार दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उघडतं, तार तिथेच वाकून वाकून मरते. चाचांनी बारीक तारांच्या नरम वायरीचा तुकडा सोल्डर केला, वरून स्लीव्ह चढवली, पाऊण तासात काम खतम.

आणि मग सुरू झाला खरा प्रसंग. चाचांनी तीनशे रुपये मागितले.

"चाचा, वीतभर वायर डाली आपने. चेक करने के कायके पैसे?" काका म्हणाले.

चाचा मीटरची वायर गुंडाळत म्हणाले, "पार्ट डालता तो देते थे ना, सेठ?"

शेवटी दोनशेवर तुटलं. आधीच्या दुकानाला काकांनी दोन स्पीकरचे मिळून जवळजवळ चार हजार एका शब्दाने न विचारता दिले होते. आणि ज्याने बिघाड शोधला त्याचे शंभर कापले. काका वाईट माणूस नाहीत हो. पण त्यांच्या धंद्यात मोजणं फुकटच असतं. मीटरपट्टी लावून कापड मोजण्याचे पैसे गिर्‍हाईक वेगळे देत नाही, ते कापडाच्या भावात आलेलं असतं. मात्र न मोजता कात्री लावणारा कापडवाला गुलमंडीत आठवडाभर टिकायचा नाही, हेही तेच काका सांगतील. दुरुस्तीत गोष्ट उलटी आहे. तिथे कापड वीतभरच असतं आणि मोजणं हाच सगळा माल.

आपण आयटीवाले तर यावर बोलायलाच नको. प्रॉडक्शनवर काहीतरी उडालं की आपण तीन दिवस लॉग वाचतो, शेवटी एका ओळीत बदल करतो आणि टाइमशीटवर तीन दिवस भरतो. क्लायंट विचारत नाही की एका ओळीचे एवढे पैसे कसे. त्याला माहीत असतं, पैसे ओळीचे नाहीत, ती कोणती ओळ हे शोधण्याचे आहेत. तेच आपण शनिवारी गाडी घेऊन गेलो की मेकॅनिकला म्हणतो, "नुसतं बघायचे तीनशे?" राव, तुमचा पगार 'नुसतं बघण्याचा'च आहे की!

याला एक दुसरी बाजूही आहे, आणि ती खरी आहे. कधीकधी न मोजता बदलणं शहाणपणाचं असतं. स्पीकरचा कोन डोळ्यांना फाटलेला दिसतोय, बोटाने हलकेच दाबला तर कॉइल आत घासते, तर मीटर काढण्यात अर्थ नाही. बदला. आणि नव्या गाड्यांमध्ये नुसता मीटर पुरतही नाही. कंपनीचा वेगळा ॲम्प्लिफायर असतो, स्क्रीन गाडीच्या नेटवर्कवर बसलेली असते, पार्किंगचे इशारेही त्याच स्पीकरमधून येतात. तिथे स्कॅनर लागतो आणि त्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम लागतो. शिवाय पिवळ्या कनेक्टरच्या वाटेला न कळणार्‍याने जाऊच नये. पिवळा म्हणजे बहुतेक गाड्यांत एअरबॅग.

पण मग तो डायग्राम आणि स्कॅनर चाचांसारख्या माणसाला मिळतो का? हा प्रश्न आपल्या देशात विचारला गेलाय. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच की सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना नीट मिळू दिली जात नाहीत. पुढे अपिलं, कोर्टबाजी बरीच झाली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारगाड्याही आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने तर २०१२ मध्येच गाड्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. हे सगळं चांगलंच आहे. पण कायद्याने उद्या सगळे डायग्राम खुले झाले आणि ते वाचायच्या वेळेचे पैसे द्यायला आपण तयार नसलो, तर ते वाचणार कोण?

न मोजण्याची ही सवय फक्त दुरुस्तीत नाही, खरेदीतही आहे. स्टीरिओच्या खोक्यावर '५० वॉट गुणिले ४' बघून आपण खूश होतो. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट असतात. तेवढ्या व्होल्टमधून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात जास्तीत जास्त २६ वॉटच्या आसपास देता येतात, प्रत्यक्षात त्याहून कमी. ५० चा आकडा येतो तो आवाज पूर्ण फाटल्यावर, १४.४ चा वर्ग भागिले ४ केलं की. कागदावर दोन मिनिटांचं गणित आहे. पण मोजायचंच नाही म्हटल्यावर खोकं सांगेल ते खरं.

चाचांसारखी माणसं कमी होत चाललीत, अशी हळहळ आपण हौसेने करतो. त्यांच्याकडे कुणी पोरगं शिकायला राहत नाही म्हणतो. का राहील? शिकायला वर्षं लागतात, आणि शिकलेल्याची किंमत 'चेक करायचे पैसे कसले'. त्यापेक्षा स्पीकर विकणं सोपं, शिकायला आठवडा पुरतो.

म्हणून माझा साधा आग्रह आहे. पुढच्या वेळी गाडीचा आवाज गेला तर मेकॅनिककडे गेल्यागेल्या सांगा, की बघण्याचे पैसे वेगळे देईन, पार्ट लागो न लागो. रक्कम आधीच ठरवा. आणि मग हक्काने दोन प्रश्न विचारा: काय मोजलं? किती आलं? उत्तरात आकडा आला तर माणूस बरोबर आहे, त्याचा नंबर जपून ठेवा. "नवीन लावून बघू" असं आलं तर गाडी तशीच वळवा.

गाणं थोडे दिवस तीन स्पीकरवर ऐकलं तरी चालतं.