क्रमांक 720

अमेरिकेत 2015 पर्यंत कुत्र्याला उपाशी बांधून मारणाऱ्याचा गुन्हा एफबीआयच्या आकडेवारीत ‘इतर सर्व गुन्हे’ या अडगळीत जमा होई. 1 जानेवारी 2016 पासून प्राण्यांवरील क्रूरतेला स्वतंत्र रकाना मिळाला, क्रमांक 720. नोंद करताना पोलिसाला प्रकारही सांगावा लागतो: हेळसांड, जाणूनबुजून छळ, झुंजींसारखी संघटित क्रूरता की लैंगिक अत्याचार. आम्हाला खरं मोल वाटतं ते या निवडीचं. पाणी न ठेवणारा मालक आणि झुंजींवर पैसे लावणारी टोळी एकाच ओळीत मोजली, तर तपासाला दिशा कुठून मिळणार? शिवाय घरातल्या मुक्या जनावरावर हात उचलणारा बायकामुलांनाही मारत असतो, हे कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांत वारंवार दिसलं आहे.

आपल्याकडे 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. (चहा-वड्यालाही पुरणार नाहीत!) एवढ्यासाठी कागद कोण रंगवणार? भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये जनावराला ठार किंवा जायबंदी करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नुसती मारहाण, उपासमार मात्र जुन्याच कायद्याच्या भरवशावर.

म्हणून या अंकात हळहळ कमी, नोंदवह्या जास्त. आकडा वाढला म्हणजे क्रूरता वाढली, की ती लिहून घेतली जाऊ लागली, हाही प्रश्न आम्ही घेतला आहे. तुम्ही अशी तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेला असाल, तर काय लिहून घेतलं, कोणतं कलम लावलं, ते जरूर कळवा.