पाचवी चिमणी



आजची नोंद खत-औषधाची नाही. बांधावर बसून पाखरं बघण्याची आहे.

फाल्गुन लागला तेव्हा कांदा विकून आलो. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीत जे उरलं त्यात रिकाम्या गोण्यांचे पैसेही निघेनात. गोल्टीकडे तर व्यापाऱ्याने बघितलंसुद्धा नाही. घरी आलो, कुणाशी बोललो नाही. सरळ ओढ्याच्या बांधावर पळसाखाली जाऊन बसलो. डोक्यात काय काय येत होतं ते इथे लिहीत नाही. तुम्हाला कळेल.

पळस लालभडक फुललेला आणि त्यावर भोरड्यांचा गोंगाट. ह्याच भोरड्यांनी माझी ज्वारी झोडपली होती. आता फुलातला रस पीत होत्या, चोची-कपाळं परागांनी माखलेली. तासभर बघत राहिलो. उठलो तेव्हा भूक लागली होती. त्या दिवसापासून रोज सकाळी अर्धा तास बसतो. शेजारचे म्हणतात, "भाऊ, कांदा पडला अन् तुम्ही पाखरं मोजताय?"

आमच्या घरी सध्या उपवासकाळ चालू आहे, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा. संध्याकाळी शुभवर्तमान वाचतो. मत्तयच्या सहाव्या अध्यायात येशू पाखरांकडे बघायला सांगतो. ती ना पेरणी करतात ना काढणी, तरी देव त्यांना पोसतो. खरं सांगू? शेतकरी म्हणून मला हे कायम टोचायचं. देव पोसतो, पण माझ्या ज्वारीवर!

बसायला लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. पाखरं रिकामी नसतात. कोतवाल भुईमुगातल्या पक्षीथांब्यावरून झेप घेऊन पतंग टिपतो. पाणी भरताना गायबगळे वाफ्यात मागं मागं फिरतात. गोठ्यातली चिमणी स्वतः दाणे खाते, पण पिलाच्या चोचीत अळी भरवते. म्हणजे येशूने कष्ट सोडायला सांगितलेले नाहीत, घोर सोडायला सांगितलाय. आणि आधी बघायला सांगितलंय. मी आजवर पाखरांकडे बघितलं ते हातात गोफण घेऊनच.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मत्तयमध्ये एका नाण्याला दोन चिमण्या मिळतात. लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी वरकड, फुकट. आपल्या गोल्टीसारखीच. येशू सांगतो, देव तिलाही विसरत नाही. पट्टीचा कागद अजून खिशात होता तेव्हा हे वाचलं आणि मला गप्प बसावं लागलं. बाजाराने कांद्याचा भाव ठरवला, माझा नाही. भावासाठी भांडायचं ते भांडूच. पण पट्टी बघून माणसाने स्वतःची किंमत ठरवू नये. दोस्तांनो, हे मी स्वतःला सांगतोय तसं तुम्हालाही सांगतोय.

आता शेतीचं. ज्वारी चिकात असताना भोरड्यांचा थवा पडला तर मोठं नुकसान होतं, हे कृषी सहायकाने मला सांगायला नको. तेव्हा राखण करायचीच. पण विषारी आमिष नको, बांधावरचा पळस तोडणं नको. ह्याच भोरड्या एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे निघतात आणि तिकडे टोळ-नाकतोडे खाऊन पिलं वाढवतात. कुणाच्या तरी शेतावरचं संकट त्या कमी करतात.

बायबलच्या जुन्या करारात शेतमालकाला नियम आहे, शेताच्या कडेपर्यंत कापू नये, सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावा. रूथ बवाजाच्या शेतात असाच सरवा वेचायला गेली होती. आपल्याकडेही सरवा वेचणारीला हाकलायची रीत नव्हती. म्हणून येत्या रब्बीत ओढ्याकडच्या दोन ओळी मी कापणार नाही. आधी सरवा वेचणाऱ्या बाया, मग पाखरं. देव पोसतो म्हणतात, तर कुणाच्या तरी शेतातूनच पोसणार ना. ह्या वेळी माझ्या शेतातून, आणि राजीखुशीने.

भोरड्या आता थोडेच दिवस आहेत. देव माना, नका मानू, जाण्याआधी एक सकाळ बांधावर बसा. मोबाईल घरी ठेवून. आणि गावात कुणी पट्टी घेऊन गप्प गप्प बसलेला दिसला, तर त्यालाही सोबत न्या.