चाकांवरचं घर



परवा चित्रकलेच्या तासाला मी चौथीच्या वर्गाला विषय दिला, 'माझं आवडतं घर'. झालं! डोंगर आले, नदी आली, डोंगरामागून सूर्य तर सगळ्यांचाच उगवला. एका मुलानं मात्र घराला चाकं काढली होती. खिडकीला पडदा, छपरावर पाण्याची टाकी, आत पलंग आणि शेगडी, आणि पुढे चक्क स्टिअरिंग!

मी विचारलं, "हे रे काय?"

"बाई, हे चाकांवरचं घर. मी टीव्हीवर बघितलं. अमेरिकेत असतं. त्यातच झोपायचं, त्यातच जेवायचं, आणि वाटेल तिकडं जायचं. आपल्याकडं का नाही हो?"

आता तसं पाहिलं तर २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं अशा गाड्यांमधून फिरण्यासाठी कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय. पण मी त्याला म्हटलं, "आपल्याकडं नाही कसं? मी स्वतः राहिलेय की चाकांवरच्या घरात!" वर्ग एकदम शांत. मग चित्रकला राहिली बाजूला आणि सुरू झाली गोष्ट. तीच आज तुम्हाला सांगते. त्यात माझी एक मोठी चूकही आहे, पण ती लपवणार नाही.

आपल्या नाशिकपासून जवळच त्र्यंबकेश्वर. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी तिथं संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. ज्ञानेश्वर, सोपानदेव आणि मुक्ताबाईंचे हे थोरले भाऊ, आणि ज्ञानेश्वरांचे गुरूही. दरवर्षी त्यांची पालखी त्र्यंबकहून निघते आणि सातपूर, नाशिक, पळसे, सिन्नर, नगर, करमाळा असं करत आषाढी एकादशीसाठी पंढरपूरला पोचते. चारशे किलोमीटरहून जास्त वाट आणि जवळजवळ चार आठवड्यांची चाल!

२०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती. त्यामुळे पालखी निघाली तेव्हा आमची उन्हाळ्याची सुट्टी संपायची होती. माझी मावशी दरवर्षी जाते. म्हणाली, "चल गं, नगरपर्यंत तरी ये. मग शाळा उघडेल, तेव्हा एस.टी.नं परत जा." मी निघाले.

प्रत्येक दिंडीबरोबर एक ट्रक असतो. तेच आमचं चाकांवरचं घर. वर ताडपत्री. आत एका बाजूला तंबूचे बांबू, दोर आणि मोठमोठी पातेली. दुसऱ्या बाजूला गव्हाची, तांदळाची पोती, तेलाचे डबे, गॅसची शेगडी. आणि मधे सगळ्यांच्या वळकट्या आणि पिशव्या, एकावर एक रचलेल्या. माणसं पायी चालतात, घर गाडीतून जातं. पहाटे तंबू उतरवायचे, ट्रकमध्ये भरायचे. ट्रक पुढे जाऊन मुक्कामाची जागा धरतो. आणि आपण टाळ वाजवत, अभंग म्हणत संध्याकाळी तिथं पोचतो, तो आपलं घर आपल्या आधी येऊन उभं! पिठल्याचा वास सुटलेला असतो. पाय असे दुखत असतात म्हणून सांगू, पण तो वास आला की शेवटचे दोनशे पाऊल आपोआप पडतात.

मी शिक्षिका असल्याचं कळल्यावर दिंडीच्या महाराजांनी मला एक काम दिलं. "बाई, तुम्हाला पोरं मोजायची सवय आहे. रोज निघताना माणसं मोजा. आपण ४३ आहोत." मला काय, हसूच आलं. वर्गात साठ-साठ पोरं सांभाळते, ४३ माणसांचं काय घेऊन बसलात!

सिन्नर ओलांडलं की दातली गाव लागतं. तिथं पालखीचं रिंगण होतं. मैदानात मधे पालखी, भोवती हजारो वारकरी, आणि त्या रिंगणातून घोडा वाऱ्यासारखा धावतो. मग पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, विणेकरी धावतात. सत्तरीच्या आज्यासुद्धा! मी तर तोंडाचा आ करून बघतच राहिले.

रिंगण संपलं. निघताना मी माणसं मोजली. ३९, ४०, ४१, ४२, ४३. बरोबर! चला, रामकृष्णहरी!

संध्याकाळी मुक्कामी पंगत बसली. पत्रावळी मांडल्या ४३. वाढून झालं. आणि एक पत्रावळ तशीच राहिली.

माझ्या पोटात धस्स झालं. मी पुन्हा मोजलं. ४२! ट्रकमध्ये चढून पाहिलं, तर एक वळकटी तशीच पडलेली. निळ्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली. मावशीनं लगेच ओळखली. आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजींची होती ती.

मग आठवलं. दातलीला मी मोजत होते, तेव्हा गावातली एक बाई आमच्या घोळक्यात उभी राहून भजन ऐकत होती. मी तिला धरून ४३ केले होते! आकडा बरोबर आला, पण माणूस चुकलं. मी डोकी मोजली, चेहरे पाहिलेच नाहीत.

ट्रकचे ड्रायव्हरकाका जेवायला बसणार होते. ते उठले. पण ट्रक वळवायचा कसा? रस्ता अरुंद, दोन्हीकडे माणसं, तंबू, दुसऱ्या दिंड्यांचे ट्रक. काकांनी तो अवजड ट्रक कितीतरी लांबपर्यंत मागे मागे नेला, तेव्हा कुठे वळायला जागा मिळाली. मावशी आणि मी पुढच्या सीटवर बसलो. मी रडत होते, हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत नाही.

आजी कुठे सापडल्या असतील? दातलीतल्याच एका घराच्या ओट्यावर! चपलेचा अंगठा तुटला म्हणून त्या लिंबाखाली टेकल्या होत्या, आणि तिथंच डोळा लागला. उठून बघतात तो दिंडी पुढे गेलेली. त्या घरातल्या लोकांनी त्यांना चहा दिला, भाकरी दिली, चप्पलसुद्धा शिवून दिली. मोबाईल आजींकडे नव्हता, आणि आमचा कुणाचाच नंबर त्यांना ठाऊक नव्हता.

मी पाया पडले. म्हटलं, "आजी, माझी मोजणी चुकली."

आजी म्हणाल्या, "अगं, रडतीस काय! माझी वळकटी गाडीत हाय. माझं घर मला सोडून कुठं जातंय? येणार म्हणून तर हितंच बसून राहिले."

मुलांनो, आजींनी एक फार शहाणपणाची गोष्ट केली, लक्षात आली का? त्या शोधत भटकल्या नाहीत. जिथं चुकामूक झाली, तिथंच थांबल्या. तुम्हीही गर्दीत चुकलात तर तसंच करा. आणि आईबाबांचा फोन नंबर तोंडपाठ ठेवा. दुसऱ्या दिवशी मी काय केलं सांगू? ४३ चिठ्ठ्या लिहिल्या. नाव आणि दिंडीचा फोन नंबर. प्रत्येकाच्या पिशवीत एकेक. आणि त्यानंतर मोजणी केली ती नाव घेऊन, चेहऱ्याकडे बघून.

गंमत म्हणजे ज्यांच्या पालखीबरोबर आम्ही चाललो होतो, ते निवृत्तिनाथही लहानपणी असेच चुकले होते, अशी कथा सांगतात. आईवडिलांबरोबर सगळी भावंडं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होती. वाटेत वाघ आला. पळापळ झाली, आणि निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथं त्याला गहिनीनाथ भेटले, आणि ते त्याचे गुरू झाले.

गोष्ट संपल्यावर तो चित्रवाला मुलगा म्हणाला, "पण बाई, अमेरिकेत आहेच ना असं घर?"

आहे तर! आणि तिथंही ते आजचं नाही. ऐका.

अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ नावाच्या माणसानं एक ख्रिस्ती पंथ काढला. त्यांचा बायबलशिवाय आणखी एक ग्रंथ आहे, त्याच्या नावावरून लोक त्यांना मॉर्मन म्हणू लागले. आजूबाजूच्या लोकांशी त्यांचे खटके उडत. १८४४ साली जमावानं जोसेफ स्मिथलाच मारलं. मग ब्रिगहॅम यंग या पुढाऱ्याबरोबर ही माणसं १८४६ च्या फेब्रुवारीत, भर थंडीत, आपलं गाव सोडून पश्चिमेला निघाली. कापडी छपराच्या बैलगाड्या हेच त्यांचं घर. २४ जुलै १८४७ ला त्यांची पहिली तुकडी एका मोठ्या खाऱ्या सरोवराजवळच्या खोऱ्यात पोचली. आपल्या बुलढाण्याच्या लोणारचं पाणी खारं आहे ना, तसंच हे, पण कितीतरी पटींनी मोठं. तिथं वसलं ते सॉल्ट लेक सिटी, म्हणजे खाऱ्या तळ्याचं शहर. खोरं काही कुणाचं नव्हतं असं नाही हं! शोशोनी आणि यूट हे तिथले मूळ रहिवासी त्या भागात आधीपासून राहत होते. पुढे त्यांच्या वाट्याला फार दुःख आलं, हेही विसरू नये.

त्या शहराच्या मधोमध एक भव्य दगडी मंदिर आहे. १८५३ साली काम सुरू झालं आणि १८९३ साली पुरं झालं. चाळीस वर्षं! आणि रस्ते? १३२ फूट रुंद! बैलांच्या जोड्या जुंपलेली लांबलचक गाडी जागच्या जागी वळली पाहिजे, म्हणून रस्ते एवढे रुंद आखले, असं सांगतात. आज तिथं मोटारीची मोठाली घरं घेऊन प्रवासी येतात, तीसुद्धा आरामात वळत असतील. हे वाचलं तेव्हा मला आमचे ड्रायव्हरकाका आठवले. आपल्या भद्रकालीच्या गल्लीत साधी रिक्षा वळवून दाखवा पाहू!

पण मला त्यांची खरी आठवते ती १८५६ सालची गोष्ट. ज्यांच्याकडे बैल घ्यायला पैसे नव्हते, असे युरोपातून आलेले गरीब लोक हातगाड्या ओढत निघाले. त्यांतल्या दोन तुकड्यांना निघायलाच उशीर झाला. गाड्या ओल्या लाकडाच्या, वाटेत मोडू लागल्या. ऑक्टोबरात त्यांना बर्फानं गाठलं. तिकडे शहरात ब्रिगहॅम यंगना कळलं, की माणसं अजून मागेच आहेत. त्यांनी भर सभेत सांगितलं, आधी त्यांना आणा. लोक पीठ, पांघरुणं, गाड्या घेऊन उलट्या वाटेनं निघाले. तरीही सुमारे हजार माणसांतली दोनशेहून अधिक वाटेतच दगावली. पण मागे फिरून कुणी गेलंच नसतं, तर किती वाचले असते?

पुढे गेलेल्यांनी मागे वळून पाहायचं असतं. दातली असो की अमेरिका, गोष्ट तीच.

एवढं सांगून झालं आणि वर्गात एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडंपण हाय चाकावरचं घर. आमी ऊसतोडीला जातो ना, तवा गाडीतच सगळं असतंय. भांडी, गोधड्या, कोंबड्यापण."

मी गप्पच झाले. खरंच की! दिवाळी झाली की कितीतरी घरं ट्रकमध्ये नाहीतर बैलगाडीत चढतात आणि साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. ती सहल नसते, आणि वारीही नसते. पोटासाठी जावं लागतं. इकडे आमच्या वर्गात एक जागा रिकामी होते, आणि हजेरीपटावर त्या नावापुढे रोज 'गैरहजर'. आपण उरलेली डोकी मोजतो आणि पुढच्या धड्याकडे जातो. म्हणजे माझी दातलीची चूकच की ही!

म्हणून त्या दिवशी आम्ही वर्गात ठरवलं. जो जाईल, त्याच्यासाठी एकानं वही ठेवायची. रोजचा अभ्यास त्यात उतरवायचा. तो परत आला की वही त्याच्या हातात. तुमच्या वर्गातही असं कुणी असेल. बघा, जमतंय का. आईबाबांनो, या वहीसाठी तुमच्या मुलाची रोजची दहा मिनिटं गेली, तर कृपा करून रागावू नका हं!

करून पाहा : १८४७ साली त्या बैलगाड्यांबरोबर विल्यम क्लेटन नावाचा माणूस होता. दिवसात किती चाललो, यावर रोज वाद व्हायचा. त्यानं एका चाकाला लाल फडकं बांधलं आणि दिवसभर फेऱ्या मोजल्या! चाकाचा घेर होता १४ फूट ८ इंच. म्हणजे ३६० फेऱ्या झाल्या की बरोबर ५२८० फूट, म्हणजे एक मैल. गुणाकार करून खात्री करा. पुढे त्यांनी फेऱ्या मोजणारं लाकडी दातेरी चाकांचं यंत्रच बनवलं. तुम्ही सायकलच्या चाकाला रंगीत चिंधी बांधा. दोऱ्यानं चाकाचा घेर मोजा. तो २ मीटर भरला, तर ५०० फेऱ्यांना एक किलोमीटर. सायकल हातात धरून, कडेकडेनं चालत, घरापासून शाळेपर्यंत फेऱ्या मोजा आणि अंतर काढा. मोजताना मधेच कुणाशी गप्पा मारू नका. नाहीतर तुमचंही माझ्यासारखंच व्हायचं!

पुन्हा भेटू पुढच्या आठवड्यात.

तुमच्या,
बाई